परसातला हॉट टब : आधी पाणी, मग बुडबुडे

उन्हाळा आला की मुंबईहून अमेरिकेला निघणाऱ्या विमानांत साठी-सत्तरीतल्या आईवडिलांची गर्दी होते. मुलाकडे, लेकीकडे चार-सहा महिने राहायला निघालेल्या या मंडळींच्या सामानात मेतकूट, गोडा मसाला, नातवंडांसाठी लाडू असतात आणि हातातल्या पिशवीत रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्यांचा सहा महिन्यांचा साठा. तिकडे पोहोचल्यावर आधी घर पाहून होते, मग मागचे अंगण. तिथे हिरवळीच्या कडेला, बार्बेक्यूच्या शेगडीशेजारी, अलीकडे बऱ्याच घरांत एक गोल, जाडजूड, हवा भरून फुगवलेला टब दिसतो. झाकण काढले की वाफ येते, बटण दाबले की तळातून बुडबुडे उसळतात. मुलगा कौतुकाने सांगतो, ‘आई, रोज अर्धा तास बस यात. गुडघ्यांना छान शेक मिळेल.’

या वाक्यात माया आहे आणि थोडे तथ्यही आहे. पण तीन गोष्टी त्यात राहून गेल्या आहेत. बसणाऱ्या आईची औषधे कोणती, पाणी नेमके किती गरम, आणि त्या पाण्याची शेवटची तपासणी कधी झाली?

हवा भरायचे हे टब २०२० च्या टाळेबंदीत ब्रिटन-अमेरिकेत भरपूर खपले. बाहेर जाता येत नव्हते, तेव्हा लोकांनी सहल परसात आणली. पक्क्या बांधणीच्या टबाला काही हजार डॉलर मोजावे लागतात. हवेचा टब त्याच्या कितीतरी कमी किमतीत येतो, खोक्यातून काढून तासाभरात उभा राहतो आणि घरच्या साध्या प्लगवर चालतो. त्यामुळे टीव्ही किंवा मिक्सर निवडावा तसा तो निवडला जातो. किती जण बसतील, बुडबुड्यांची छिद्रे किती, दिवे रंग बदलतात का, पेला ठेवायला खाच आहे का, हे सगळे पाहिले जाते. पाणी कोण सांभाळणार, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. वैद्यकाच्या नजरेने हॉट टब म्हणजे उघड्यावर ठेवलेली कोमट पाण्याची साठवण. तिची रोज राखण करावी लागते. ती कोण करणार हे घरात ठरले नसेल, तर कितीही चांगला टब आणला तरी निवड चुकलीच.

शेक खरा, जादू नाही

या टबाचा जन्म मौजेसाठी झाला नव्हता. इटलीहून कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले जकुझी बंधू आधी विमानांचे पंखे आणि नंतर शेतातल्या विहिरींचे पंप बनवत. त्यांच्यापैकी कँडिडो जकुझी यांच्या लहानग्या मुलाला सांधेदाह होता. रुग्णालयात त्याला घुसळत्या गरम पाण्यात बसवून उपचार देत. घरच्या न्हाणीतही तसे पाणी मिळावे म्हणून वडिलांनी पाण्यात बुडवून ठेवता येईल असा पंप तयार केला. १९५० च्या दशकात तो बाजारात आला. पुढे १९६८ मध्ये त्याच कुटुंबातल्या रॉय जकुझी यांनी टबाच्या भिंतीतच झोत बसवले आणि उपचाराचे साधन चैनीची वस्तू झाले. कुटुंबाचे आडनाव सगळ्या टबांचेच नाव होऊन बसले.

म्हणजे गरम पाण्याने सांध्यांना बरे वाटते, हे खरे आहे. पाण्यात अंगाचे वजन कमी भासते, स्नायू सैलावतात, ताठरपणा काही वेळ कमी होतो. कोमट पाण्यात केलेल्या व्यायामाचा गुडघ्यांच्या दुखण्यात उपयोग होतो. झोपण्यापूर्वी तास-दोन तास गरम पाण्याने अंग शेकले तर अनेकांना झोप लवकर लागते. यापलीकडचे दावे मात्र जाहिरातीतच ठेवावेत. घामावाटे ‘विषारी द्रव्ये’ निघून जात नाहीत, ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. बुडबुड्यांनी झिजलेली कूर्चा भरून येत नाही. आणि टबात बसून रक्तदाब खाली आला म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करायची नसते. तो तात्पुरता उतार आहे, आणि काहींच्या बाबतीत तोच धोका आहे.

चार माणसे, नऊशे लिटर

पाण्याचा प्रश्न एका साध्या हिशेबाने समजतो. २५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात पावणेचार लाख लिटर पाणी असते. त्यात एका वेळी ५० जण पोहत असले तरी माणशी साडेसात हजार लिटर पाणी वाट्याला येते. परसातल्या मध्यम टबात साधारण ९०० लिटर पाणी मावते. त्यात चौघे बसले तर माणशी २२५ लिटर. म्हणजे तलावाच्या तुलनेत तीसपटीहून अधिक दाटी. शिवाय पाणी गरम, त्यामुळे घाम जास्त. त्यात अंगाचे तेल, उटणी, सनस्क्रीन, केसांतला कोंडा, आणि लहान मुले असतील तर आणखीही काही. हे सगळे त्याच पाण्यात राहते आणि रात्रभर झाकणाखाली उबेत राहते.

पाणी गरम आहे म्हणजे जंतू मरत असतील, असा एक समज आहे. तो नेमका उलटा आहे. जंतू मारायला पाणी उकळावे लागते. टबातले ३६ ते ४० अंश सेल्सियस हे तापमान जंतूंच्या दृष्टीने अगदी सुखाचे. ज्या उबेत विरजण लागते, त्याच उबेत हे जंतूही वाढतात.

त्यांना रोखणारे औषध म्हणजे क्लोरीन किंवा ब्रोमीन. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या शिफारशीनुसार हॉट टबात मुक्त क्लोरीन किमान ३ पीपीएम, म्हणजे लिटरमागे ३ मिलिग्रॅम, किंवा ब्रोमीन किमान ४ पीपीएम असावे आणि पाण्याचा पीएच ७ ते ७.८ च्या दरम्यान राहावा. पीएच म्हणजे पाण्याचा आम्ल-अल्कधर्मी तोल. तो का महत्त्वाचा? क्लोरीनचे जंतू मारणारे रूप पीएच ७.५ ला साधारण निम्मे असते, तर पीएच ८ ला जेमतेम पाव. म्हणजे पट्टीवर क्लोरीन पुरेसे दिसते, पण त्याची धार गेलेली असते. गंमत अशी की टबातले बुडबुडेच पीएच वर ढकलतात, कारण हवा सतत खेळवल्याने पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो. गरम पाण्यात क्लोरीनही लवकर संपते. म्हणून सकाळी ठीक असलेले पाणी संध्याकाळी ठीक असेलच असे नाही.

आणखी एक बारकावा दुकानदार सहसा सांगत नाही. क्लोरीनच्या अनेक दाणेदार पुड्यांत आणि गोळ्यांत सायन्युरिक आम्ल असते. उन्हात क्लोरीन टिकावे म्हणून ते घातलेले असते. क्लोरीन वापरले जाते, पण हे आम्ल पाण्यात साठत जाते आणि क्लोरीनचे काम मंदावते. वरून कितीही क्लोरीन घातले तरी हे आम्ल कमी होत नाही. त्यावर उपाय एकच, टब रिकामा करून, घासून, नवे पाणी भरणे. रोज चौघे बसत असतील तर ९०० लिटरच्या टबातले पाणी साधारण तीन आठवड्यांनी बदलावे असा ढोबळ हिशेब आहे. पाणी गढूळ झाले, फेस येऊ लागला किंवा डोळे चुरचुरू लागले तर त्याआधीच. ‘क्लोरीनचा उग्र वास येतो म्हणजे पाणी स्वच्छ आहे’ हाही एक गैरसमज. तो वास घाम आणि लघवीशी संयोग होऊन वाया गेलेल्या क्लोरीनचा असतो.

बुडबुड्यांतून फुप्फुसात

राखण चुकली तर काय होते? बहुतेक वेळा होते ते किरकोळ. टबात बसल्यावर एक-दोन दिवसांनी मांड्यांवर, पोटावर, विशेषतः पोहण्याच्या कपड्यांखाली खाजणाऱ्या लाल पुळ्या उठतात. स्यूडोमोनास नावाचा जंतू केसांच्या मुळाशी शिरल्याने हे होते. बहुतेकांच्या पुळ्या काही दिवसांत आपोआप जातात. घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी अशा पुळ्या आल्या तर मलमाच्या आधी टबाकडे पाहावे.

खरी काळजी आहे ती लिजिओनेला या जंतूची. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात अमेरिकन लिजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे अधिवेशन भरले. त्यानंतर अनेकांना न्यूमोनिया झाला, तिशीच्या आसपास माणसे दगावली आणि काही महिन्यांनी जो नवा जंतू सापडला त्याला त्या संघटनेचेच नाव मिळाले. हा जंतू पिण्याच्या पाण्यातून सहसा बाधत नाही. तो पाण्याच्या बारीक तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो. दम्याच्या रुग्णाला नेब्युलायझरने औषध कसे देतात, हे अनेक घरांत पाहिलेले असते. औषधाचे धुके करायचे आणि ते ओढून घ्यायचे. बुडबुडे फुटताना टबाच्या पृष्ठभागावर तसेच धुके तयार होते आणि बसणाऱ्याचे नाक त्यापासून वीतभर अंतरावर असते.

धुके किती दूर जाते, याची दोन उदाहरणे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. फेब्रुवारी १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेल गावी फुलांचे मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे विक्रीसाठी मांडलेल्या पाणी घुसळणाऱ्या टबातून लिजिओनेलाचा फैलाव झाला. दीडशेहून अधिक लोक आजारी पडले, वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात एका जत्रेतही प्रदर्शनातल्या हॉट टबांशी संबंध असलेली साथ आली. १३० हून अधिक रुग्ण, चार मृत्यू. दोन्ही ठिकाणी टब केवळ पाहण्यासाठी मांडलेले होते. आजारी पडलेले लोक त्यात उतरलेही नव्हते, ते जवळून चालत गेले होते.

लिजिओनेलाच्या न्यूमोनियात दहापैकी साधारण एक रुग्ण दगावतो. धोका पन्नाशीपुढच्यांना, धूम्रपान करणाऱ्यांना, जुनाट श्वसनविकार, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना अधिक. म्हणजे परदेशी राहायला आलेले आईवडील नेमके त्या यादीत बसतात. लक्षणे दोन दिवसांपासून चौदा दिवसांपर्यंत कधीही सुरू होतात. खूप ताप, थंडी, कोरडा खोकला, धाप, काहींना जुलाब आणि भ्रमही.

इथे एक अडचण आहे. चौदा दिवसांत माणूस विमानाने सांगली किंवा अकोल्याला परत आलेला असू शकतो. ताप आला म्हणून तो जवळच्या डॉक्टरकडे जातो, डॉक्टर हवापालट म्हणतो, मग साधे प्रतिजैविक देतो. न्यूमोनियासाठी नेहमी दिली जाणारी पेनिसिलिनच्या गटातली औषधे या जंतूवर चालत नाहीत, त्याला अझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखी वेगळी औषधे लागतात. लघवीची एक तपासणी बरेचदा निदान करून देते, पण ती मागवायचे सुचले पाहिजे. म्हणून प्रवासानंतर ताप आला तर ‘दहा दिवसांपूर्वी हॉट टबात बसलो होतो’ हे रुग्णाने आपणहून सांगावे. आणि डॉक्टरांनीही, शहरातल्या असोत वा तालुक्याच्या, प्रवासाचा इतिहास विचारताना मच्छर, पाणी आणि जेवण यांच्या जोडीला टब आणि हॉटेलही विचारावे. एका प्रश्नाने उपचाराची दिशा बदलू शकते.

निवडताना काय पाहावे

मग असा टब घ्यावाच नाही का? तसे म्हणण्याचे कारण नाही. शिस्त असलेल्या घरात तो आनंद देतो. फक्त निवडीचा क्रम बदलायला हवा.

पहिली गोष्ट गाळणी. हवेच्या टबांत गाळणी लहान असते, हा या प्रकाराचा मुळातला कमकुवत भाग. काडतुसासारखी दिसणारी ही गाळणी सहज काढता, धुता, बदलता येते का आणि तिचे सुटे भाग दोन वर्षांनीही मिळतील का, हे टबाच्या रंगापेक्षा महत्त्वाचे. गाळणारा पंप दिवसातून किती तास आपोआप चालवता येतो तेही पाहावे. थांबलेल्या पाण्यात आणि नळ्यांच्या आतल्या बाजूस जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. एकदा तो बसला की क्लोरीन त्याच्या आतपर्यंत पोहोचत नाही.

दुसरी गोष्ट आकार. सहा जणांचा टब घेऊन त्यात दोघांनी बसावे, हे पाण्याच्या दृष्टीने शहाणपणाचे. खोक्यावरची संख्या खांद्याला खांदा लावून बसलेल्यांची असते. मात्र पाणी जास्त म्हणजे वीजही जास्त. ९०० लिटर पाणी १५ वरून ४० अंशांवर न्यायला किमान २६ युनिट वीज लागते, वाफेवाटे आणि भिंतीवाटे जाणारी उष्णता वेगळी. घरगुती प्लगवरच्या हीटरने हे व्हायला जवळपास दिवस जातो. मग अनेक जण बिलाच्या धास्तीने पंपच बंद ठेवतात आणि पाणी साचून राहते. पंप चालू ठेवणे परवडणार नसेल तर तो टब परवडत नाही, असाच हिशेब करावा.

तिसरी गोष्ट झाकण. ते जाड, घट्ट बसणारे आणि कुलूपबंद होणारे हवे. चौथी जागा. पाणी आणि चार माणसे मिळून वजन १,२०० किलोच्या घरात जाते. सपाट, पक्की जमीन हवी. गच्ची, लाकडी डेक किंवा गॅलरी यांवर अभियंत्याला विचारल्याशिवाय तो मांडू नये. पाचवी वीज. पाण्याशेजारी विजेचा प्रवाह गळला की क्षणात पुरवठा तोडणारे संरक्षक यंत्र जोडणीत असायलाच हवे आणि ते मधूनमधून बटण दाबून तपासावे. एक्स्टेन्शनची वायर गवतातून फिरवून टब चालवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण.

सहावी गोष्ट सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित. चाचणीच्या पट्ट्या. टबात उतरण्याआधी दरवेळी पट्टी बुडवायची, रंग जुळवायचा, आकडा टबाजवळच्या वहीत लिहायचा. तुळशीला पाणी घालणे जसे घरात कुणा एकाचे ठरलेले काम असते, तसेच हेही एकाचे ठरलेले असावे. सगळ्यांचे काम म्हणजे कुणाचेच काम नाही. पट्टीत क्लोरीन कमी दिसले तर त्या दिवशी टब बंद. पाहुणे आलेले असोत, पाणी तापलेले असो.

कोणी बसावे, किती वेळ

गरम पाण्यात त्वचेच्या रक्तवाहिन्या पसरतात, रक्तदाब उतरतो, हृदयाचे ठोके वाढतात. पाण्यात बसून असेतोवर पाण्याचा दाब पायांतले रक्त वर ढकलत असतो. माणूस झटकन उभा राहिला की तो आधार जातो, रक्त पायांत उतरते आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, छातीत दुखण्यावरची नायट्रेटची औषधे आणि प्रोस्टेटसाठी आजोबा घेतात त्यांपैकी काही गोळ्या हा उतार आणखी वाढवतात. ओल्या कडेवर पडून खुब्याचे हाड मोडले तर गुडघ्यांच्या शेकाचे मोल भलतेच महाग पडते.

म्हणून पाण्याचे तापमान ४० अंशांपुढे कोणासाठीच नेऊ नये. वयस्करांसाठी ३७-३८ अंश पुरे. वेळ दहा ते पंधरा मिनिटे, ‘रोज अर्धा तास’ नव्हे. एकटे बसू नये, उतरताना कुणाचा तरी हात धरावा, आधी काठावर मिनिटभर थांबावे, आधी-नंतर पाणी प्यावे. दारू पिऊन टबात जाणे सर्वांत वाईट. दारू आणि उष्णता दोन्ही रक्तदाब उतरवतात, दोन्ही झोप आणतात, आणि पाण्यात आलेली झोप जिवावर बेतते. पेल्यासाठी केलेली ती खाच पाण्याच्या बाटलीसाठी वापरावी.

मधुमेह्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पायांची संवेदना कमी झालेली असेल तर पाय भाजतात तरी कळत नाही, म्हणून तापमान पायाने नव्हे, तापमापकाने पाहावे. इन्सुलिन घेतल्यावर लगेच गरम पाण्यात बसले तर ते रक्तात वेगाने शोषले जाते आणि साखर एकदम उतरू शकते. पायाला जखम, भेग असेल तर टब वर्ज्य. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले, छातीत वारंवार दुखणारे, श्वास लागणारे रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. गरोदर स्त्रीने, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, हॉट टब टाळावा. आईच्या अंगातली उष्णता वाढली तर बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची घडण बिघडण्याचा धोका असतो. ज्यांना जुलाब लागले आहेत त्यांनी इतरांसाठी म्हणून बाहेर राहावे.

मुलांसाठी तो टब नव्हे, विहीर

पाच वर्षांखालच्या मुलांनी हॉट टबात बसू नये, अशी वैद्यकीय शिफारस आहे. लहान मुलांचे शरीर लवकर तापते आणि ती पाणी गिळतात. पण त्याहून मोठा धोका टबात कोणी नसताना असतो. हवेच्या टबाची भिंत बुटकी आणि मऊ. दोन-तीन वर्षांचे मूल तिच्यावर ओणवे होते आणि डोके जड असल्याने आत पडते. बुडणारे मूल ओरडत नाही, हातपायही फारसे आपटत नाही. मिनिटा-दोन मिनिटांत, घरातले फोनवर बोलत असताना, सगळे होऊन जाते.

पाणी खेचणाऱ्या जाळीचाही धोका आहे. जून २००२ मध्ये अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात ग्रॅमी बेकर हॉट टबाच्या तळाशी पाणी खेचणाऱ्या तोंडाला चिकटली आणि बुडून मरण पावली. तिच्या आईने नेटाने पाठपुरावा केला आणि २००७ मध्ये तिच्या नावाने सुरक्षेचा कायदा झाला. हवेच्या टबाचा पंप त्या मानाने लहान असतो. तरीही त्याची जाळी तुटलेली असेल तर टब वापरू नये, आणि लांब केस बांधल्याशिवाय कोणी डोके पाण्याखाली नेऊ नये.

ग्रामीण महाराष्ट्रात कठडा नसलेल्या विहिरीजवळ मूल खेळू लागले की घरातली म्हातारी माणसेही धावतात. परसातल्या टबाबद्दल ती धास्ती वाटत नाही, कारण तो खेळण्यासारखा दिसतो. तो विहीरच आहे असे समजून वागावे. भोवती कुंपण आणि आपोआप मिटणारे फाटक, झाकणाला कुलूप, चढायची पायरी वापरानंतर घरात, खेळणी पाण्यात तरंगत न ठेवणे, आणि हंगाम संपला की पाणी काढून टब गुंडाळून ठेवणे. मऊ झाकण मुलाचे वजन पेलत नाही, त्यामुळे ‘झाकलेला आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

लोणावळ्याचा बंगला आणि वज्रेश्वरीचे कुंड

हा प्रश्न आता फक्त परदेशातला राहिलेला नाही. लोणावळा, कर्जत, अलिबागच्या भाड्याच्या बंगल्यांच्या जाहिरातींत ‘जकुझी’ हा शब्द दिसू लागला आहे. घरच्या टबात घरचीच माणसे असतात. इथे शनिवारी एक कुटुंब जाते, रविवारी दुसरे येते आणि पाणी तेच असू शकते. इथल्या बंगल्यांत पाणी अनेकदा बोअरवेलचे, जड. क्षार हीटरवर आणि गाळणीवर बसतात, आणि त्या खरबरीत थरात जंतूंना आसरा मिळतो. पावसाळ्यात पालापाचोळा आणि माती पडते ती वेगळीच. अशा ठिकाणी उतरणाऱ्याने मालकाला सरळ विचारावे. पाणी शेवटचे कधी बदलले, क्लोरीनची नोंद दाखवता का? उत्तर मिळाले नाही तर टबात उतरू नये. भाड्याने टब देणाऱ्या प्रत्येक बंगल्याने रोजची नोंदवही दर्शनी भागात लावावी आणि स्थानिक आरोग्य यंत्रणेने ती तपासावी, अशी सक्ती असायला हवी. जेवणाच्या हॉटेलात स्वच्छतेचा आग्रह धरणाऱ्या समाजाने अंग बुडवायच्या पाण्याबद्दल तो सोडू नये.

यावर कोणी म्हणेल की वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या, उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडांत पिढ्यान्‌पिढ्या लोक न्हात आले, तिथे कुठे क्लोरीन होते? तिथे निदान झऱ्याचे नवे पाणी येत राहते आणि जुने वाहून जाते. म्हणून ती कुंडे निर्धोक आहेत असे नाही. गर्दीच्या कुंडातही त्वचारोग पसरतात आणि साचलेल्या गरम पाण्यात नाकातोंडात पाणी जाऊ देणे धोक्याचेच. पण परसातल्या टबाला तर झराही नाही. त्यात कालचेच पाणी आज असते. निसर्ग जे काम वाहत्या पाण्याने करतो, ते इथे माणसाला गाळणीने, क्लोरीनने आणि वहीतल्या नोंदीने करावे लागते.

म्हणून टबाच्या खोक्यावरची चित्रे पाहण्याआधी घरात पाच मिनिटे बसून बोलावे. पट्टी कोण बुडवणार, गाळणी कोण धुणार, कुलपाची किल्ली कुणाकडे, गावी गेल्यावर पाणी कोण काढणार? चारही उत्तरे मिळाली तर टब जरूर घ्यावा. मिळाली नाहीत तर आईच्या गुडघ्यांसाठी गरम पाण्याची पिशवी, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि संध्याकाळी लेकाबरोबर एक फेरफटका पुरेसा आहे. त्यातून शेकही मिळतो आणि सोबतही.